वाघूरच्या काठी विसाव्याचा एक दिवस

आपल्या घरातील माणसे प्रवास कशासाठी करतात, याचा एकदा हिशेब मांडून पाहा. लग्न, मयत, दवाखाना, कोर्टाची तारीख, मुलाच्या प्रवेशाची धावपळ, नाहीतर कामाच्या शोधात पुणे किंवा सुरत. वर्षातून एकदा अशोक विजयादशमीला नागपूरची दीक्षाभूमी आणि जमलेच तर ६ डिसेंबरला मुंबईची चैत्यभूमी. या दोन ठिकाणी आपण वंदन करावयास जातो, आणि ते जाणे आपण कधी सोडणार नाही. पण तेथे विसावा नसतो. गर्दीत मूल सांभाळता सांभाळता रात्र सरते. केवळ चार घटका मोकळे बसावे, झाडाखाली शिदोरी सोडावी, वाहते पाणी पाहावे, एवढ्यासाठी घरातील सगळी माणसे मिळून कधी निघाली आहेत काय? बहुतेक घरांतून या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेच येईल.

त्यातही बाईचे काय? पुरुष निदान चौकात बसतो, पानठेल्यावर दोन गोष्टी बोलतो. पहाटे उठून भाकरी थापणारी, दिवसभर सोयाबीन सोंगणारी किंवा कापूस वेचणारी आणि रात्री भांडी घासून निजणारी आपली माय-बहीण मोकळी कधी बसते? आजारी पडते तेव्हाच. म्हणून सहल ही पैसेवाल्यांची चैन आहे, ही समजूत मनातून काढून टाकली पाहिजे.

सुट्टी फुकट मिळालेली नाही

आज आपण ज्याला रविवारची सुट्टी म्हणतो, ती कोणी दान दिलेली नाही. जोतीराव फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईतील गिरणी कामगारांना संघटित केले, सभा घेतल्या, अर्ज-विनंत्या केल्या, तेव्हा कोठे १० जून १८९० पासून गिरण्यांना रविवारची सुट्टी लागू झाली. त्यापूर्वी कामगाराला आठवड्याचा हक्काचा दिवसच नव्हता.

पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यातील कामगाराला पगारी रजा देणारी कायद्यातील दुरुस्ती १९४५ साली झाली आणि कामाचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणणारी दुरुस्ती १९४६ साली झाली. या दोन्ही विधेयकांच्या मागे बाबासाहेब उभे होते. माणूस हा केवळ राबण्यासाठी जन्मलेला नाही, हाच त्यातील विचार. जगातही हेच घडत होते. फ्रान्समध्ये १९३६ साली कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळाली आणि ज्यांनी आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता अशी हजारो कामगार कुटुंबे आगगाडीत बसून समुद्राकडे, नदीकाठच्या गावांकडे निघाली. आजही तिकडचा साधा कारकून किंवा कामगार रविवारी सकाळी मुलाबाळांसह नदीकाठी जातो आणि संध्याकाळी ताजातवाना होऊन परततो. त्याला कोणी उधळ्या म्हणत नाही.

आपल्या शेतमजूर भगिनींना मात्र अजून रविवार मिळालेला नाही. ज्या दिवशी काम नाही, त्या दिवशी रोजही नाही. तेव्हा विसाव्याचा दिवस आपला आपणच ठरवून, आधीपासून पैसा जमवून काढावा लागेल.

बाबासाहेबांची १९३४ ची सहल

सहलीचा विषय निघाला म्हणून एक इतिहास सांगणे आवश्यक आहे. १९३४ साली बाबासाहेब आणि त्यांचे सुमारे तीस सहकारी वेरूळची बौद्ध लेणी पाहण्यास निघाले होते. हा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. वाटेत ही मंडळी दौलताबादचा किल्ला पाहण्यास थांबली. प्रवासाच्या धुळीने सर्वांचे अंग माखले होते. किल्ल्याच्या दाराशी पाण्याने भरलेला हौद होता. त्यांनी तेथे हात, पाय, तोंड धुतले. तेवढ्यावरून जमाव धावून आला, पाणी बाटवले म्हणून शिवीगाळ झाली. शेवटी किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली, ती आत कोठेही पाण्याला स्पर्श करणार नाही या अटीवर. पाण्याजवळ जाऊ नये म्हणून हत्यारबंद शिपाई बरोबर देण्यात आला. हा प्रसंग बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या लेखनात स्वतः नोंदवून ठेवला आहे.

विचार करा. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून सात वर्षे झाली होती. परदेशातील मोठमोठ्या पदव्या घेतलेला हा महामानव आपल्या माणसांबरोबर एक दिवस लेणी पाहण्यास निघतो आणि पाण्यावर त्याच्यामागे शिपाई उभा राहतो. आज आपण नदीच्या काठी बसतो तेव्हा मागे कोणी शिपाई नसतो. हे सुख कोणामुळे मिळाले, हे आपल्या मुलांना तेथेच, पाण्याजवळ बसवून सांगितले पाहिजे. वर्गातल्या धड्यापेक्षा ते अधिक लक्षात राहील.

एका डोंगराच्या दोन कुशी

बुलडाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले आहे, हे आपल्यापैकी अनेकांच्या ध्यानात नसते. हा डोंगर म्हणजे पाण्याची वाटणी करणारी भिंतच आहे. पैनगंगा बुलडाण्याजवळच्या डोंगरात उगम पावते, पूर्वेकडे वाहत जाऊन वर्धा नदीला मिळते आणि तिचे पाणी शेवटी गोदावरीतून बंगालच्या उपसागरात जाते. त्याच डोंगराच्या उत्तरेकडून उतरणाऱ्या नळगंगा, विश्वगंगा आणि ज्ञानगंगा मात्र पूर्णेला मिळतात. पूर्णा चांगदेवजवळ तापीला मिळते आणि ते पाणी अरबी समुद्राला जाते. एकाच डोंगरावर पडलेला पाऊस, पण एक थेंब पूर्वेच्या समुद्राला, तर दुसरा पश्चिमेच्या! मुलांना भूगोल शिकवावयाचा तर याहून सोपा धडा कोणता?

याच रांगेत पश्चिमेला वाघूर नदी आहे. तीही उत्तरेकडे वाहत जाऊन तापीला मिळते. डोंगर उतरताना तिने कातळ कापून घोड्याच्या नालेसारखी दरी तयार केली आहे. दरीच्या तोंडाशी पाणी सात टप्प्यांनी खाली पडते, त्याला सातकुंड म्हणतात. आणि या दरीच्या कड्यात आहेत ती जगप्रसिद्ध अजिंठ्याची लेणी. जपान, श्रीलंका, थायलंडहून लोक हजारो रुपये खर्चून येथे येतात. आपण मात्र शेजारच्या डोंगरावर राहून ‘कधीतरी जाऊ’ म्हणत आयुष्य काढतो.

भिक्खूंनी हीच जागा का निवडली?

पावसाळ्याचे तीन महिने भिक्खूंनी हिंडू नये, एका जागी राहून साधना व धम्मोपदेश करावा, हा वर्षावासाचा नियम आपल्याला ठाऊकच आहे. त्यासाठी जागा कशी हवी? वर्दळीपासून दूर, पण भिक्षेसाठी गावात जाता येईल एवढी जवळ, शांत आणि बारमाही नसले तरी पावसाळाभर पाणी असलेली. वाघूरची दरी त्याला अगदी योग्य होती. आज आपण एका लेण्यातून दुसऱ्यात जाण्यासाठी जी वाट चालतो, ती नंतरच्या काळातील आहे. मूळची रचना अशी की, लेण्यांपासून खाली नदीपर्यंत आपापल्या पायऱ्या होत्या. म्हणजे येथील जीवनाचा ओढा नदीकडे होता. लेणी पाहून नदी न पाहता जो परत येतो, त्याने अर्धेच अजिंठा पाहिले असे म्हणावे लागेल.

लेण्यांची संख्या ३० आहे. त्यांपैकी पहिली इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून सातवाहनांच्या काळात खोदली गेली. दुसरा मोठा काळ इसवी सनाच्या पाचव्या शतकातील, वाकाटक राजा हरिषेणाचा. या वाकाटक शाखेची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपल्या शेजारचे वाशीम! हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने १६ क्रमांकाचे लेणे दान दिले, तर २६ क्रमांकाच्या लेण्याच्या शिलालेखात बुद्धभद्र या भिक्खूचे नाव आहे. तेव्हा ही लेणी कोठल्या दूरदेशीची नव्हेत. वऱ्हाडच्या मातीशी त्यांचे नाते आहे.

पुस्तकात असे लिहिलेले असते की, २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने शिकारीला आला असताना अजिंठ्याचा शोध लावला. भोवतालच्या गावांना आणि गुराख्यांना ही लेणी ठाऊक होतीच. बाहेरच्या जगाला ती कळली, एवढाच त्याचा अर्थ. या स्मिथने १० क्रमांकाच्या लेण्यात रंगवलेल्या खांबावर स्वतःचे नाव कोरून ठेवले, ते आजही दिसते. प्राचीन चित्रावर नाव खरडणारा माणूस साहेब असला तरी त्याचे अनुकरण करू नये, एवढे मुलांना जरूर सांगावे.

आमच्या वस्तीतून सतरा जण

गेल्या वर्षी आश्विन पौर्णिमेनंतर आमच्या वस्तीतून सतरा माणसे या सहलीला गेली. आठ बाया, चार पुरुष आणि पाच मुले. वर्गणी मागून किंवा कोणा पुढाऱ्याकडून गाडी घेऊन नव्हे. बायांनी आठवड्याला दहा रुपये आणि पुरुषांनी पंधरा रुपये याप्रमाणे सहा महिने डब्यात टाकले. २६ आठवड्यांचे बाईचे २६० आणि पुरुषाचे ३९० रुपये झाले. एस.टी.मध्ये १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट झाल्यामुळे बायांचा खर्च बराच आटोक्यात आला. शिदोरी घरची होती. दिवसाचा रोज बुडतो हा सर्वांत मोठा अडथळा होता. तो ओलांडण्यासाठी सोंगणी उरकल्यावरचा आणि कापूस वेचणीचा जोर येण्याआधीचा दिवस निवडला.

तरी विरोध झालाच. एक मावशी शेवटपर्यंत तयार नव्हत्या. ‘‘लगन नाही, मयत नाही, काऊन जा लागते मंग? पैसे जड झाले काय तुमाले?’’ असे त्यांनी स्पष्ट विचारले. तीस वर्षे वीटभट्टीवर काम केलेली ही बाई. सुनेने त्यांचे पैसे भरले म्हणून आल्या.

बुलडाण्याहून शिवन्यावरून अजिंठा गाव आणि तेथून घाट उतरून फर्दापूर. फाट्यावर खाजगी गाड्या थांबवतात. तेथून लेण्यांपर्यंतचे सुमारे चार किलोमीटर सर्वांना तेथल्याच बसने जावे लागते. त्यामुळे आत धूर नाही, हॉर्न नाही. बसमधून उतरल्यावर पायऱ्या चढाव्या लागतात. म्हाताऱ्या माणसांनी टप्प्याटप्प्याने चढावे, घाई करू नये.

आम्ही तीसच्या तीस लेणी पाहण्याचा हट्ट केला नाही. ती परीक्षेची तयारी नव्हती. पहिल्या लेण्यात हातात कमळ धरलेले पद्मपाणी पाहिले. दहाव्या लेण्यातील प्राचीन स्तूपापुढे सर्वांनी वंदन केले. बाराव्या लेण्यात भिक्खूंच्या लहान खोल्या आहेत आणि प्रत्येकीत दगडाचेच दोन ओटे निजण्यासाठी. ‘‘एवढ्याच जागेत रायत होते?’’ म्हणून मुले त्यांत डोकावून पाहत राहिली. सतराव्या लेण्यात तथागत कपिलवस्तूला भिक्षेसाठी आले आहेत आणि यशोधरा राहुलला पुढे करून उभी आहे, असे चित्र आहे. तेथे आमच्या बाया बराच वेळ थांबल्या. समजावून सांगण्याची गरज पडली नाही. नवऱ्याने घर सोडल्यानंतर लेकराला वाढवणाऱ्या बाईचे मन त्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

बरोबर एक गवंडी भाऊ होते. त्यांना चित्रांपेक्षा चोवीस क्रमांकाचे अपुरे राहिलेले लेणे अधिक आवडले. अर्धवट खोदलेला कातळ, छिन्नीचे घाव पाहून ते म्हणाले, ‘‘वरून खाली आले हे लोक. आंधी छत, मंग खांब, मंग जमीन. पायाड लागलंच नसन यायले!’’ आणि ते खरेच आहे. लेणी वरून खाली अशीच खोदली जात. राजाचे, मंत्र्याचे, भिक्खूचे नाव शिलालेखात सापडते, पण ज्यांनी छिन्नी-हातोडा चालवला त्यांची नावे कोठे आहेत? ते काम वाचावयास कामगाराचाच डोळा लागतो, हे त्या दिवशी कळले. सव्विसाव्या लेण्यात महापरिनिर्वाणाची सुमारे चोवीस फूट लांबीची मूर्ती आहे. तथागत शांत पहुडले आहेत, खाली शिष्य शोक करीत आहेत. तेथे कोणीच बोलले नाही.

पाण्याजवळ

दुपारी पायऱ्या उतरून पुलावरून पलीकडे गेलो. झाडांच्या सावलीत शिदोऱ्या सोडल्या. कळण्याची भाकर, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, दशम्या, चिवडा. येथे माकडे फार. पिशवी उघडी ठेवली की गेलीच. ज्याच्या-त्याच्या घरचे सर्वांनी वाटून खाल्ले. त्यानंतर दोन तास काहीही कार्यक्रम ठेवला नव्हता. भाषण नाही, सूचना नाहीत, स्पर्धा नाहीत. चळवळीतील आम्हा लोकांना हे फार अवघड जाते! चार माणसे जमली की माइक हवासा वाटतो. पण विसाव्याचा दिवस म्हणजे विसाव्याचाच असावा.

पावसाळा नुकताच संपलेला असल्यामुळे खाली दगडांतून पाणी वाहत होते. समोरच्या कड्यात ओळीने लेणी दिसत होती. मुले खडे गोळा करीत होती. एक आजोबा काठावरच्या दगडावर बसले आणि सांगू लागले की, त्यांच्या लहानपणी गावच्या नदीवर आपला पाणवठा वेगळा, खालच्या अंगाला असे. वरचे लोक गुरे धूत, ते पाणी खाली येई, आणि आपण वाळूत झिरा उकरून वाटीवाटीने घागर भरावयाची. मुलांनी विचारले, ‘‘मंग वरून काऊन नाही घेतलं?’’ आजोबा हसले आणि म्हणाले, ‘‘आता घेतो ना!’’ मग त्यांनी सर्व मुलांना दौलताबादची ती हकिगत सांगितली. व्यासपीठावरून मी ती अनेकदा सांगितली आहे. पण त्या दिवशी मुलांनी जितके कान देऊन ऐकले, तितके कधी ऐकलेले पाहिले नाही.

आणि वीटभट्टीवरच्या त्या मावशी? त्या जेवण झाल्यावर झाडाला टेकून बसल्या, लुगड्याचा पदर डोक्याखाली घेतला आणि चक्क झोपी गेल्या. दीड तास. सून उठवू लागली तर बाकीच्या बायांनी तिला गप्प केले. परतीच्या गाडीत त्या एवढेच बोलल्या, ‘‘दिवसा निजली मी. ताप नव्हता, काई नव्हतं, तरी निजली.’’ या वाक्यावर सहलीविषयीची सगळी व्याख्याने ओवाळून टाकावीत!

निघण्यापूर्वी ध्यानात ठेवा

लेणी सोमवारी बंद असतात. सुट्टीच्या दिवशी व डिसेंबरात गर्दी फार होते. जमल्यास साधा दिवस निवडावा आणि सकाळी नऊच्या सुमारास तेथे पोहोचावे. पाणी पाहावयाचे असेल तर श्रावणापासून दिवाळीपर्यंतचा काळ उत्तम. उन्हाळ्यात नदी आटते आणि कातळ तापतो.

मलकापूर, नांदुरा, शेगावकडील मंडळींनी रेल्वेने जळगावला उतरावे. तेथून औरंगाबादकडे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरकडे जाणारी एस.टी. फर्दापूरवरून जाते. जळगावहून अंतर साठेक किलोमीटर आहे. एस.टी.त ७५ वर्षांवरील ज्येष्ठांसाठी मोफत प्रवासाची योजना २०२२ साली सुरू झाली आहे. वयाचा पुरावा जवळ ठेवावा आणि गाड्यांच्या वेळा आगारात आदल्या दिवशी विचारून घ्याव्यात. लेण्यांत १५ वर्षांखालील मुलांना प्रवेश तिकीट नाही.

चित्रांना हात लावू नये. घामाच्या हाताने रंग जातो. आत फ्लॅश लावून फोटो काढू नये. लेण्यांत अंधार असतो. डोळे सरावेपर्यंत दोन मिनिटे स्वस्थ उभे राहावे, मग चित्रे आपोआप दिसू लागतात. सातकुंडाच्या डोहाजवळ मुलांना मुळीच सोडू नये, दगड निसरडे असतात. वर डोंगरात पाऊस पडला की खाली पाणी अचानक वाढते. कागद, पिशव्या, खरकटे एका थैलीत भरून परत आणावे. ही जागा आपल्या पूर्वजांनी आपल्यासाठी स्वच्छ ठेवली होती.

बंधू-भगिनींनो, अजिंठा लांब वाटत असेल तर आपल्या तालुक्यातील नदी, धरण, झाडी शोधा. नळगंगेचा काठ आहे, पैनगंगेचा आहे, खडकपूर्णेचा आहे. ठिकाण महत्त्वाचे नाही, दिवस महत्त्वाचा आहे. बचत गटाच्या येत्या बैठकीत हा विषय घ्या, एक डबा ठेवा आणि त्यावर ‘सहल’ असे लिहा. पहिले दहा रुपये घरातील कर्त्या पुरुषाने टाकावेत. आणि त्या दिवशी पहाटेच्या भाकरी घरातील पुरुषांनी थापाव्यात, म्हणजे बाईचा विसावा घरापासूनच सुरू होईल. वाकड्या-तिकड्या झाल्या तरी नदीकाठी त्या गोडच लागतात.

जय भीम!